आमची वाटचाल : शॉर्टकट कोणाच्या नावावर?

नागपूरच्या सीताबर्डीत एका जिन्याखालच्या खोलीत २००९ साली मी आणि माझ्या भागीदाराने एएमसीचे, म्हणजे संगणकांच्या देखभालीच्या वार्षिक कराराचे काम सुरू केले, तेव्हा सगळे ग्राहक एका लांब रजिस्टरमध्ये मावत होते. इतवारीत टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडत नाही म्हणून फोन आला की स्कूटर काढायची. डिकीत नेटवर्कच्या वायरीला टोक बसवायचा क्रिंपर, दोन स्क्रू ड्रायव्हर, ब्लोअर आणि रॅमचे पिवळे पाय घासायला साधे खोडरबर. ते खोडरबर आजही माझ्या खणात आहे, कारण निम्म्या बंद पडलेल्या मशीन त्यानेच सुरू केल्या, हे आमच्या धंद्यातला कोणीही मान्य करील.

पुढे दुसऱ्याचा संगणक दुरून चालवू देणारे टीमव्ह्यूअर आले, मग तसेच एनीडेस्क आले आणि मे महिन्याच्या उन्हात कळमन्यापर्यंत जाण्याची गरज उरली नाही. ग्राहकाच्या मशीनचा आयडी, म्हणजे जोडणीचा क्रमांक, त्या सॉफ्टवेअरच्या ॲड्रेस बुकमध्ये नावासह साठवला की झाले. ते ॲड्रेस बुक माझ्या भागीदाराच्या वैयक्तिक ईमेलवर उघडलेल्या खात्यात होते, आणि त्यात काही वावगे आहे असे मला आठ वर्षांत एकदाही वाटले नाही.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्यावर कामाचा पूर आला. प्रत्येक व्यापाऱ्याचे टॅली अद्ययावत करणे, लेजरमध्ये जीएसटी क्रमांक भरणे, मालाच्या वर्गवारीचे एचएसएन कोड चढवणे यात दिवसाची रात्र होई. त्याच धावपळीत हिशेबावरून आमच्यात बिनसले. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी मी ऑफिसात येऊन पाहतो तर खात्याचा पासवर्ड बदललेला. बासष्ट ग्राहकांपैकी एकाच्याही मशीनपर्यंत पोहोचण्याचा रस्ता माझ्याकडे नव्हता. बुधवारपर्यंत कळले की त्याने सदरमध्ये स्वतःचे ऑफिस थाटले असून त्याच यादीवरून तो व्यापाऱ्यांना फोन करतो आणि आमचे ऑफिस बंद होत असल्याचे सांगतो. एकवीस ग्राहक त्या डिसेंबरात गेले. माणसाने वेगळे व्हावे, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण ज्या यादीतले निम्मे आयडी मी स्वतः दुकानात उभा राहून टिपले होते, ती यादी त्याने स्वतःची म्हणावी, हे मला आजही पटलेले नाही.

उरलेल्यांना एकेक फोन करून आयडीचे नऊ आकडे वाचायला लावणे हे आम्ही पंधरा दिवस केले. मुनीमजी आकडे सांगताना मध्येच गिऱ्हाइकाशी बोलत आणि सातवा आकडा हमखास चुके. या काळात इतवारीतले किराण्याचे एक ठोक व्यापारी, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी दिलेला आधार मी विसरू शकत नाही. त्यांनी आयडी सीपीयूच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवला होता, खाली तारीखही होती. त्यांनी सांगितले, "तुझा तो भागीदार येऊन गेला ना, नंबर मागून राहिला होता. मी म्हटलं, बिल ज्याच्या नावानं येते, नंबर त्यालेच देईन." शेजारच्या चार दुकानांचे आयडीही त्यांनीच चिठ्ठीवर लिहून पाठवले.

त्या हिवाळ्यात मी ठरवले की रिमोटचा पत्ता माणसाच्या खात्यात नव्हे, फर्मच्या सॉफ्टवेअरमध्ये, ग्राहकाच्या कार्डावर राहील. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या मुलाने पीएचपी आणि मायएसक्यूएलमध्ये साधे सॉफ्टवेअर बांधले. एएमसीची मुदत, मशीनचे नाव आणि त्यासमोर एक बटण, म्हणजे त्या मशीनमध्ये थेट नेणारा शॉर्टकट. एनीडेस्कचे बटण सोपे होते, कारण "एनीडेस्क", अपूर्णविराम (:) आणि आयडी एवढा दुवा दाबला की प्रोग्राम थेट उघडतो. आरडीपीने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या रिमोट सोयीने, मात्र घाम काढला. ब्राउझर आपल्या मशीनवरचा प्रोग्राम परस्पर चालवू देत नाही, त्यामुळे प्रत्येक इंजिनिअरच्या विंडोज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, आमचा स्वतःचा प्रोटोकॉल (दुव्याचा प्रकार) नोंदवावा लागला; तो एक छोटी फाइल चालवतो आणि ती पुढे एमएसटीएससी या विंडोजच्या आरडीपी प्रोग्रामला पत्ता देते. त्याआधी पासवर्डसह साठवलेल्या आरडीपी फाइली आम्ही सर्वांना वाटून पाहिल्या होत्या. त्यातला पासवर्ड ज्या मशीनवर, ज्या युजरने साठवला, तिथेच उलगडतो, हे समजायला एक आख्खी रात्र गेली.

पण पत्ता बिनचूक असला म्हणजे मशीन बिनचूक असते असे नाही. काकांनी जुना संगणक कळमन्यातल्या भाच्याच्या दुकानात दिला, आयडी मशीनसोबत गेला आणि कार्डावर नाव मात्र इतवारीचेच राहिले. आमच्या ऑफिसातल्या मुलाने त्या बटणावरून आत जाऊन काकांचा बॅकअप भाच्याच्या चालू डेटावर रिस्टोअर केला. भाच्याच्या तीन दिवसांच्या खरेदीच्या नोंदी कागदी पावत्यांवरून पुन्हा चढवाव्या लागल्या. ते काम मी स्वतः बसून केले. तेव्हापासून प्रत्येक बटणाखाली "शेवटची खात्री" अशी तारीख असते आणि ती नव्वद दिवसांपेक्षा जुनी झाली की बटण लाल होते. आत गेल्यावर आधी संगणकाचे नाव कार्डाशी ताडायचे, मगच माउस हलवायचा.

कोणी विचारलेले नाही, तरी नव्याने या धंद्यात उतरणाऱ्यांना सांगतो. एका हार्डडिस्कवरून दुसरी क्लोन केली तर एनीडेस्कचा आयडीही क्लोन होतो आणि दोन मशीन एकाच क्रमांकावर भांडतात. तेव्हा डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बनवण्याआधी तो काढून टाका. शॉर्टकट कार्डावर ठेवा, पण पासवर्ड शेऱ्याच्या रकान्यात लिहू नका, "तात्पुरता" म्हणूनसुद्धा नाही. आम्ही तो कीपास या पासवर्डच्या तिजोरीवजा सॉफ्टवेअरमध्ये वेगळा ठेवतो. आणि राउटरवर ३३८९ पोर्ट, म्हणजे आरडीपीचे दार, इंटरनेटला उघडे ठेवून आरडीपी देणाऱ्या इंजिनिअरला चहासुद्धा पाजू नका.

हे शेवटचे मी तोऱ्यात सांगतो, पण २०१९ च्या मे महिन्यात आरडीपीतली ब्लूकीप नावाची सुरक्षेतली फट जाहीर झाली आणि मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा पॅच (दुरुस्ती) काढला, तेव्हा आमच्याच कार्डांवर पोर्ट उघडे असलेले नऊ ग्राहक निघाले. फरक इतकाच की शॉर्टकटचा प्रकार नोंदलेला असल्यामुळे ते नऊजण चाळणी लावून मिनिटभरात सापडले आणि रात्री अकरापर्यंत नऊही पोर्ट बंद झाली. टाळेबंदी आम्ही याच कार्डांवर काढली. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने लॉग (संगणकावरील हालचालींच्या नोंदी) १८० दिवस जपण्याचा निर्देश काढला, तेव्हा कोणी, कोणते बटण, किती वाजता दाबले ही नोंद आमच्याकडे आधीपासून होती.

गेल्या दिवाळीत त्या एकवीसांपैकी गांधीबागेतले एक कापड व्यापारी परत आले. सदरच्या ऑफिसाने फोन उचलणे सोडले होते आणि यांचा आयडी कुठेच लिहिलेला नव्हता. मी स्वतः स्कूटर काढून गेलो, आयडी टिपला आणि त्यांचे जुने कार्ड उघडले. २०१७ चा क्रमांक मी पुसलेला नाही. त्यापुढे "बंद, वापरू नये" असे लिहून खाली नवा चढवला.