कडं, मेण आणि आमचे सर

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे उभे राहिले ते भौतिकशास्त्राचे सर. बाकीच्या आठवणी इतर लिहितीलच. मी सरांविषयी आणि आमच्या टेस्ला कॉइलविषयीच, म्हणजे खूप उच्च व्होल्टेज तयार करून हवेत ठिणग्या उडवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांविषयीच लिहितो.

पुस्तकात टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक, एवढंच. १८९१ मध्ये ही कॉइल घडवणारा निकोला टेस्ला आम्हाला सरांनी दाखवला. विज्ञान प्रदर्शनासाठी ती करायला परवानगी दिली, पण ट्रान्सफॉर्मरच्या कपाटाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. पीव्हीसी पाइपवर तांब्याची बारीक एनॅमल तार वेढ्याला वेढा लावून गुंडाळायची, एकही वेढा दुसऱ्यावर चढता कामा नये. हे काम आम्ही आळीपाळीने केलं. व्हार्निशचा हात मात्र सरांचा.

जोडणी झाली. स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगी उडण्यासाठी ठेवलेली फट, कडकडू लागला, पण वरच्या धातूच्या कड्यावरून ठिणगी निघेना. व्होल्टेज वाढवू या, म्हणून सगळे मागे लागले. सरांनी पुरवठा तोडला, इन्सुलेटेड दांड्याने विद्युतभार साठवणारा कपॅसिटर रिकामा केला आणि कपाटातून पेटीवर बसवलेले दोन सारखे नादकाटे काढले. एक वाजवून हाताने थांबवला, तरी दुसरा गुणगुणत होता. मग दुसऱ्याच्या भुजेला मेण चिकटवलं. आता पहिला कितीही वाजवला तरी तो गप्पच.

"वरचं कडं म्हणजे हे मेण," सर एवढंच म्हणाले.

कड्यामुळे दुय्यम, म्हणजे पाइपवरच्या वेटोळ्याची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते, वारंवारता उतरते. मग सूर जुळायला, ज्याला वीजपुरवठा जोडलेला असतो त्या खालच्या वेटोळ्यानेही उतरायला हवं. त्याचे किती वेढे वापरायचे हे ठरवणारी टॅपची क्लिप सरांनी थोडी बाहेरच्या वेढ्यावर सरकवली. पुन्हा स्विच लावला तर कड्यावरून जांभळ्या ठिणग्या फुटल्या आणि दूर ठेवलेली ट्यूबलाइट तारेविना उजळली! पाहुणे टाळ्या वाजवत होते. सर मात्र आमच्याकडे बघत होते.

आज मी रेडिओ प्रक्षेपकांच्या अँटेना जुळवतो. शक्ती वाढवण्याआधी जुळणी तपासायची, ही सवय सरांची. या विषयात जे काही मला कळतं, त्याचं श्रेय त्यांचं आहे.

आता तयार संच मिळतात. जोडला की चालतो, सरकवायला काही उरतच नाही. याचं मला फार वाईट वाटतं. महोत्सवाच्या प्रदर्शनात कॉइल मांडणार असाल, तर तिची क्लिप कायमची जोडून टाकू नका. पुरवठा तोडून, कपॅसिटर रिकामा करून, सरांसारखं कुणीतरी शेजारी उभं करून ती मुलांना स्वतः सरकवू द्या.