मासेमारी बंदीचे दोन महिने आणि बढतीची तयारी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरणारी मासळी गोठवून निर्यात करणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता विभागात काम करते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि कच्चा माल आटल्यामुळे कारखान्यातील धावपळ ओसरते. बहुतेक जण हे दिवस भातलावणीसाठी राखून ठेवतात (त्यात गैर काहीच नाही), परंतु दुसऱ्या विभागाचे काम शिकायला यापेक्षा सोयीचा हंगाम नाही.

शीतगृहाच्या नोंदी वाचायला मी याच दिवसांत शिकले. गोठवलेली मासळी उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली का ठेवावी लागते, हॅसॅप (अन्नातील संभाव्य धोके आधीच ओळखून ते रोखण्याची पद्धत) यात नियंत्रणाचे निर्णायक टप्पे कसे ठरवतात आणि नोंदींत विसंगती आढळल्यास परदेशी खरेदीदार संपूर्ण खेपच का नाकारू शकतो, हे समजल्यावर तपासणी अधिकाऱ्यांसमोर माझा आवाज कापणे थांबले. आत्मविश्वासावरील व्याख्यानांवर माझा फारसा विश्वास नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या नोंदवहीत आहे हे ठाऊक असले की पुरते.

बढतीची बाब निराळी आहे. स्वतःच्या कामाविषयी बोलणे म्हणजे मिरवणे, असा आपल्याकडे समज असल्यामुळे अनेक कुशल बायका साहेबांचे लक्ष जाण्याची वाट पाहत वर्षानुवर्षे त्याच जागी राहतात. मी वरिष्ठांकडे वेळ मागितली आणि पर्यवेक्षकपदासाठी माझ्यात नेमके काय कमी आहे, ते लेखी देण्याची विनंती केली. त्यातील खरेदीदारांशी इंग्रजी पत्रव्यवहाराचा मुद्दा अजून शिल्लक असून, येत्या बंदीत निर्यात विभागात बसण्याची परवानगी मला मिळाली आहे.