अठराच्या आतल्या ट्रान्सजेंडर लेकरांसाठी कायदा

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यानुसार ट्रान्सजेंडर ओळखीचा दाखला जिल्हाधिकारी देतात. तलाठी किंवा ग्रामपंचायत नाही. लेकरू अठराच्या आतलं असेल तर कलम 5 प्रमाणे अर्ज आईवडील किंवा पालकच करू शकतात. गाडी अडते ती इथंच. आईबाप दोघांनीही सही नाकारली की गडचिरोली-यवतमाळच्या खेड्यातलं सोळा वर्षांचं पोर अठरा पूर्ण होईस्तोवर थांबतं, आणि तोवर दहावी-बारावीच्या गुणपत्रिका जुन्याच नावानं निघतात. माझ्या मते ही कायद्याची मोठी उणीव आहे.

या अर्जाच्या कागदांसाठी सेतूत (सरकारी सेवा केंद्रात) जाण्याआधी आधार आणि टीसी शेजारी ठेवून नावातलं अक्षर न् अक्षर, जन्मतारीख ताडून पाहा. एका वेलांटीचा फरकही पुढं नडतो. शपथपत्र दुसऱ्यानं लिहिलं असेल तर सहीआधी वाचून घ्या.

कलम 12 मात्र घट्ट धरा: केवळ ट्रान्सजेंडर आहे म्हणून लेकराला आईवडिलांपासून तोडता येत नाही, त्याला सक्षम न्यायालयाचा आदेश लागतो. गावकीच्या बैठकीला तो अधिकार नाही. अनुदानित आश्रमशाळेलाही कलम 13 लागू आहे; खेळात, वर्गात भेदभाव चालत नाही. तक्रार तोंडी करू नका. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेऊनच निघा.