बारा शब्द बरोबर, तरी शिल्लक शून्य

2016 साली शहापुरात भाड्याच्या खोलीत राहत असताना मी थोडे बिटकॉइन घेतले होते. वॉलेटने, म्हणजे बिटकॉइन सांभाळणाऱ्या ॲपने, दिलेले बारा इंग्रजी शब्द (फोन गेला तरी यांवरून पैसे परत मिळवता येतात) वहीत उतरवले आणि ती वही खानापूरला घरी, आईच्या ट्रंकेत शेताच्या उताऱ्यांबरोबर ठेवली. पुढे फोन बिघडला तरी मी निर्धास्त होतो.

गेल्या पावसाळ्यात तेच शब्द नव्या ॲपमध्ये भरले. ॲपने ते घेतले, आणि शिल्लक दाखवली शून्य. हातपाय गार पडले.

एखादा शब्द चुकला असेल, ही पहिली शंका. पण शेवटच्या शब्दात पडताळणीचा अंश असतो, त्यामुळे चुकलेला शब्द ॲप बहुतेक वेळा तिथेच अडवतं. निपाणीच्या मामेभावाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "दादा, शब्द कुणालाही सांगू नको, मलासुद्धा नको. तुझा जुना पत्ता कुठं सापडतो का बघ की." पत्ता म्हणजे ज्यावर बिटकॉइन येतात ती अक्षरं-आकड्यांची ओळ.

एका जुन्या ईमेलमध्ये तो सापडला. सुरुवात 1 ने. नवं ॲप मात्र बीसी1क्यू (bc1q) ने सुरू होणारे पत्ते दाखवत होतं. गाठ इथेच होती.

1 ने सुरू होणारे पत्ते सर्वांत जुने. 3 चे त्यानंतरचे. बीसी1क्यू हे सेगविटचे, म्हणजे बिटकॉइनच्या नियमांतल्या एका सुधारणेचे, आणि सेगविट लागू झालं ऑगस्ट 2017 मध्ये. बीसी1पी (bc1p) टॅपरूट या पुढच्या सुधारणेचे, म्हणजे नोव्हेंबर 2021 नंतरचे. माझी खरेदी 2016 ची, तेव्हा माझे पैसे बीसी1क्यू वर असणं शक्यच नव्हतं!

आधी मला वाटलं होतं, बेळगाव लिहा की बेळगावी, पत्र पोचतंच, तसंच हे असेल. तसं नाही. त्याच बारा शब्दांतून वेगवेगळ्या वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवरच्या किल्ल्या, म्हणजे पत्त्यांवरचे पैसे उघडणारे गुप्त आकडे, निराळ्या असतात. 1 च्या पत्त्यांची वाट सहसा 44 क्रमांकाची, बीसी1क्यू ची 84 ची. मधल्या 49 वर 3 चे पत्ते, 86 वर टॅपरूटचे. यातली कुठली वाट वापरली होती, हे त्या शब्दांत कुठेच लिहिलेलं नसतं. मला हे बारा शब्दांइतकंच महत्त्वाचं वाटतं आणि मला ते कुणी सांगितलं नव्हतं.

लॅपटॉपवर इलेक्ट्रम नावाचं वॉलेट घेतलं. त्याचे स्वतःचे शब्द वेगळ्या पद्धतीचे असतात, म्हणून आधी 'बिप 39' (BIP39), म्हणजे माझ्या शब्दांची पद्धत, हा पर्याय निवडावा लागला. मग लेगसी, म्हणजे 1 च्या जुन्या पत्त्यांचा प्रकार, 44 ची वाट. शिल्लक आली, जुने व्यवहारही आले.

पण त्यात काही पत्ते मी कधीच बघितले नव्हते. चोरी झाली की काय, म्हणून पुन्हा धसका. ते निघाले उरलेल्या मोडीचे पत्ते. आपण एखाद्या रकमेतला काही भाग पाठवला की उरलेली रक्कम वॉलेट आपल्याच नव्या पत्त्यावर परत घेतं. त्यांची रांग मिळणाऱ्या रकमांच्या पत्त्यांपेक्षा वेगळी, पण किल्ल्या त्याच बारा शब्दांतून निघालेल्या. एक-एक व्यवहार कागदावर मांडून ताळा जमला, तेव्हा जेवायला उठलो.

वहीत आता शब्दांखाली लिहिलंय: पत्ते 1 ने सुरू, लेगसी, वाट 44, साल 2016. वही परत आईच्या ट्रंकेत गेली आहे.