माओ शिमादाची क्वाड आणि सतरा वर्षांची अट

२०२६च्या मिलान-कोर्तिना हिवाळी ऑलिंपिकला फिगर स्केटिंगच्या महिला एकेरीत जपानकडून तिघी उतरल्या: काओरी साकामोतो, मोने चिबा आणि आमी नाकाई. नाकाईचा जन्म २७ एप्रिल २००८चा. ती ब्राँझ घेऊन परतली. जपानचीच स्केटर माओ शिमादाही त्याच वर्षी जन्मलेली, पण ३० ऑक्टोबरला. तिचा संघासाठी विचारच होऊ शकत नव्हता. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेचा नियम असा की सीनियर गटात उतरायचं तर हंगामाच्या १ जुलैआधी वयाची सतरा वर्षं पूर्ण झालेली हवीत. १ जुलै २०२५ला शिमादाला सतरा पूर्ण व्हायला चार महिने बाकी होते.

मागच्या रांगेतली खेळाडू असती तर याची फारशी चर्चा झाली नसती. पण २०२३ला कॅल्गरी, २०२४ला तैपेई आणि २०२५ला डेब्रेत्सेन अशी ओळीने तीन वर्षं ज्युनियर जागतिक विजेती तीच आहे. महिलांमध्ये ज्युनियर जागतिक विजेतेपद तीनदा मिळवणारी ती पहिली. ज्युनियर ग्रां प्री फायनल तिने २०२२, २०२३ आणि २०२४ला जिंकली, आणि २०२४ची गांगवॉनची युवा ऑलिंपिक स्पर्धाही. जपानच्या सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत निवडक ज्युनियरांना बोलावतात. तिथे ती २०२२ला, म्हणजे चौदाव्या वर्षी, तिसरी आली. २०२३ला पुन्हा तिसरी, २०२४ला दुसरी. पदक तिच्या गळ्यात आणि सीनियर जागतिक स्पर्धेचं तिकीट तिच्या खाली आलेल्या मुलीला, असं तिन्ही वर्षं घडलं.

तिचं नाव आईवडिलांनी जपानची आधीची स्केटर माओ असादा हिच्यावरून ठेवलं. असादाच्या बाबतीतही हेच झालं होतं. २५ सप्टेंबर १९९०चा जन्म, तेव्हाची अट पंधरा वर्षांची. डिसेंबर २००५मध्ये तिने टोकियोत सीनियर ग्रां प्री फायनल जिंकली आणि दोन महिन्यांनी झालेल्या तोरिनो ऑलिंपिकला ती ८७ दिवसांनी मुकली. तिथलं सुवर्ण जपानच्याच शिझुका अराकावाने नेलं. असादाने नंतर २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल ॲक्सल, म्हणजे हवेत साडेतीन फेऱ्यांच्या उड्या, मारून रौप्य घेतलं. चार वर्षं थांबल्याने करिअर संपत नाही, याचा शिमादासाठी याहून जवळचा दाखला दुसरा नाही.

वयाची अट पंधरावरून सतरावर गेली ती जून २०२२मध्ये फुकेतच्या अधिवेशनात, १०० विरुद्ध १६ मतांनी. त्याआधी चारच महिने बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाच्या पंधरा वर्षांच्या कामिला वालिएवाचं उत्तेजकाचं प्रकरण सगळ्या जगाने पाहिलं होतं. बदल टप्प्याटप्प्याने आला: २०२३-२४ला सोळा, २०२४-२५पासून सतरा.

सांगलीत हा नियम सांगितला की लोक स्मृती मंधानाचं नाव काढतात, आणि ते बरोबरच आहे. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात होती आणि २०१३ला भारताकडून पहिला सामना खेळली तेव्हा सोळा वर्षांची होती. सतराची अट क्रिकेटला असती तर आपल्याच मुलीला बाहेर बसावं लागलं असतं. मग स्केटिंगलाच ही अट का? याचं उत्तर गुणांच्या तक्त्यात आहे.

ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्यांची उडी, क्वाड म्हणजे चार फेऱ्यांची; टो लूप, लुट्झ, ॲक्सल ही उड्यांच्या प्रकारांची नावं. २०२२पासूनच्या तक्त्यात क्वाड टो लूपचं मूळ मूल्य ९.५० आहे. ट्रिपल ॲक्सल ८.००, ट्रिपल लुट्झ ५.९०, फ्लिप ५.३०, लूप ४.९०, सॅल्काव ४.३० आणि ट्रिपल टो लूप ४.२०. त्यावर पंच उणे पाच ते अधिक पाच असा दर्जा देतात आणि प्रत्येक पायरी मूळ मूल्याच्या दहा टक्के धरतात. आता समजा मुलीने क्वाड टो लूपचे चारही फेरे पूर्ण केले, पण उतरताना पडली. दर्जा उणे पाच, म्हणजे ४.७५ गेले. पडल्याचा वेगळा एक गुण गेला. उरले ३.७५. त्याच जागी तिने स्वच्छ ट्रिपल लूप मारली असती तर ४.९० मिळाले असते. पडण्याचा तोटा एका गुणाहून थोडासाच जास्त, आणि क्वाड साधली तर फायदा ४.६० गुणांचा. तीन प्रयत्नांत एकदा जरी क्वाड बसत असेल, तरी कागदावर प्रयत्न करणंच फायद्याचं ठरतं.

हे गणित प्रत्येक प्रशिक्षकाला पाठ असतं. क्वाड हलक्या, अरुंद अंगाच्या मुलींना लवकर बसते, म्हणजे बारा ते पंधरा या वयात. तक्ता मुलींना त्या वयात क्वाडकडे ढकलतो आणि वयाची अट त्याला लगाम घालते. माझ्या मते अट योग्य आहे. शिमादावर अन्याय झाला हेही तितकंच खरं. पण अट तिच्या एकटीसाठी सैल करता येत नाही.

तक्त्यात न दिसणारी किंमत सरावात मोजावी लागते. स्पर्धेत एक क्वाड दिसते, तिच्यामागे आठवड्यात डझनांनी उड्या असतात, आणि त्यातल्या कित्येक पडून संपतात. उतरताना एकाच पायावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीहून जास्त भार येतो. बहुतेक जणी डावीकडे फिरतात, म्हणून तो पाय कायम उजवा. नडगीच्या हाडाला बारीक तडा, घोटा, कमरेचा खालचा मणका ही नेहमीची दुखणी. शिवाय अंग वाढतं. उंची आणि खांदे-कंबर रुंदावली की तेवढ्याच जोरात फेरे कमी होतात. काल बसणारी उडी आज पाव फेरा कमी पडते आणि मुलीला कळत नाही की तिचं काय चुकतंय. खरं तर चुकत काहीच नसतं, शरीर बदललेलं असतं. या काळात उड्यांची संख्या उतरवून धारांवर, म्हणजे ब्लेडच्या आतल्या-बाहेरच्या कडांवर तोल धरून घसरण्यावर, काम करणारा प्रशिक्षक मुलीला वाचवतो.

शिमादा क्योतोजवळ उजीमध्ये किनोशिता अकादमीत मिए हमादांकडे शिकते. सातोको मियाहारा आणि रिका किहिरा याच हमादांच्या शिष्या. स्पर्धेचे दोन भाग असतात, छोटा शॉर्ट प्रोग्राम आणि मोठा फ्री प्रोग्राम. शिमादाच्या फ्री प्रोग्रामच्या सुरुवातीला ट्रिपल ॲक्सल आणि पाठोपाठ क्वाड टो लूप येते, आणि व्हिडिओचे तुकडे फिरतात ते त्या पहिल्या अर्ध्या मिनिटाचेच. पण महिलांच्या शॉर्ट प्रोग्राममध्ये क्वाडला परवानगीच नाही. तिथे पुढे राहायचं तर लुट्झ, फ्लिप, गिरक्या आणि पायांच्या हालचाली चोख लागतात. फ्रीमध्येही ट्रिपल लुट्झला जोडून ट्रिपल टो लूप मारली तर १०.१० होतात, एकट्या क्वाडपेक्षा जास्त. हीच जोडी शेवटच्या तीन उड्यांत ठेवली तर दहा टक्के वाढून ११.११. पाय जड झाल्यावर ती स्वच्छ निघणं ही खरी परीक्षा आहे. शिमादा ज्युनियर गटात वर्षानुवर्षं पुढे राहिली ती या पायावर, असं मी ठामपणे म्हणेन.

क्वाड टो लूप मात्र समजून बघण्यासारखी आहे. डावीकडे फिरणारी मुलगी उजव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर उलटी येते. डावा पाय मागे नेऊन ब्लेडचा पुढचा दातेरी भाग, म्हणजे टो पिक, बर्फात रोवते आणि त्यावरून वर जाते. पाय रोवल्यावर बर्फ सुटेपर्यंत अंग साधारण अर्धा फेरा वळून जातं. हे नियमात बसतं, आणि म्हणूनच क्वाडमध्ये टो लूप सर्वांत स्वस्त आहे. हवेत वेळ मिळतो अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त. त्यात चार फेरे म्हणजे मधल्या भागात सेकंदाला पाच-सहा फेऱ्यांचा वेग लागतो, आणि तो हात किती लवकर छातीशी येतात यावर ठरतो.

बिघडतं ते बहुधा बर्फावरच. डावा पाय फार रुंद रोवला की आस कलते आणि मुलगी हवेत तिरपी दिसते. डावा खांदा घाईने उघडला तर वर जाण्याची ताकद आडवी वाया जाते. वळून तोंड पुढे झाल्यावरच बर्फ सोडला तर ती टो लूप राहत नाही, ॲक्सलसारखी होते, आणि पंचांचं तांत्रिक मंडळ ते पकडतं. उतरताना एकच गोष्ट बघा: टो पिक बर्फाला लागते त्या क्षणी ब्लेड कुठे वळलंय. प्रवासाच्या दिशेला पाठ करून असेल तर फेरे पूर्ण. बरोबर पाव फेरा कमी असेल तर निकालपत्रात उडीपुढे q लिहितात; मूळ मूल्य तेच राहतं, घट फक्त दर्जाच्या रकान्यात दिसते. पावाहून जास्त कमी असेल तर मूळ मूल्याच्या ८० टक्केच मिळतात, म्हणजे ७.६०. त्यात पडलीही तर हातात राहतात २.८०. अर्धा फेरा किंवा जास्त कमी पडला की उडी ट्रिपल धरतात.

ब्लेड साधारण चार मिलिमीटर जाडीचं असतं. त्याच्या तळाला पन्हळ असते, म्हणून दोन धारा तयार होतात. पन्हळ खोल असली की पकड जास्त, पण घसरण्याचा वेग कमी. वाढत्या वयात बूट बदलला की ब्लेड नव्याने बसवावं लागतं, आणि ते मिलिमीटरभर आत-बाहेर गेलं तरी मुलगी नकळत चुकीच्या धारेवर जाते. नवा बूट इतका कडक असतो की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ट्रिपल मागू नयेत. स्पर्धेच्या तोंडावर बूट बदलणं हा अनेक चांगल्या हंगामांचा शेवट ठरलेला आहे.

बर्फाची रिंक आपल्याकडे नाही. सांगली-मिरजेची मुलं रोलरवर शिकतात, आणि आर्टिस्टिक रोलर स्केटिंगमध्ये हीच नावं, हीच तंत्रं आहेत: ॲक्सल, सॅल्काव, टो लूप, फ्लिप, लुट्झ. टो पिकचं काम पुढचा टो स्टॉप करतो. म्हणून उड्या शिकवायच्या असतील तर स्पीडचे इनलाइन, म्हणजे एका रांगेत चाकं असलेले स्केट, चालत नाहीत, त्यांना टो स्टॉपच नसतो. चार चाकांचे, टो स्टॉपवाले क्वाड स्केट लागतात. चाकांच्या आसाजवळचे रबर फार आवळलेले असतील तर स्केट कलत नाही आणि धार हा प्रकार मुलाला कधीच कळत नाही. हलक्या मुलासाठी ते सैल हवेत.

कपड्यांसारखा वाढत्या अंगाचा बूट घेऊ नका. दोन नंबर मोठा बूट घेतला की टाच आत उचलते, मूल तोल सावरायला घोटा आत पाडतं आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही. बूट बांधून गुडघा वाकवल्यावर टाच जागची हलता कामा नये आणि बोटं पुढच्या भागाला जेमतेम टेकावीत.

क्रम जपानच्या मुलींचाही हाच असतो: आधी दोन्ही पायांच्या चारही धारा, मग एका पायावर दिशा बदलणारा थ्री टर्न, मग अर्ध्या फेऱ्याची वॉल्ट्झ जंप, मग एका फेऱ्याची सॅल्काव आणि टो लूप. प्रत्येक उडीनंतर उतरलेल्या स्थितीत तीन सेकंद स्थिर राहता आलं तरच पुढची शिकवावी. सिमेंटच्या अंगणात पडणं बर्फापेक्षा वाईट, कारण बर्फावर अंग घसरत जातं आणि इथे जागच्या जागी आदळतं. एका सत्रात त्याच उडीवर चार-पाच वेळा पडलं की ती उडी त्या दिवसापुरती बंद करावी.

शिमादा आता वयात बसते. २०२६-२७पासून तिला सीनियर गट खुला आहे आणि २०३०च्या फ्रान्समधल्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी ती एकवीस वर्षांची असेल. ज्युनियर फ्री प्रोग्राम साडेतीन मिनिटांचा होता, सीनियर चार मिनिटांचा आहे. तेवढा जास्त वेळ पाय टिकवावे लागतात, म्हणून तिची क्वाड बसली का हे बघून व्हिडिओ बंद करू नका. तीन मिनिटांनंतरच्या लुट्झला गुडघा किती वाकतो आणि उतरल्यावर वेग राहतो का, ते बघा. तिच्यामागून येणाऱ्या मुली बघायच्या असतील तर ज्युनियर ग्रां प्रीच्या स्पर्धा आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यूट्यूब चॅनेलवर फुकट दिसतात. जपानची वेळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे, त्यामुळे तिथली संध्याकाळची स्पर्धा इथे दुपारच्या जेवणानंतर सुरू होते. प्रत्येक स्पर्धेनंतर निकालपत्र निघतं. त्यात उडीनिहाय मूळ मूल्य आणि दर्जा दिलेला असतो. मुलांना आधी व्हिडिओ दाखवा, प्रत्येक उडीला त्यांच्या मते किती गुण ते वहीत लिहायला सांगा आणि मग निकालपत्राशी ताडून बघा.