तापमान तर बरोबर होतं

मोनोमरचं फीड मध्यावर आलेलं असताना रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटला स्टीम लागत नाही. स्टायरीन आणि ब्युटाइल ॲक्रिलेट या मोनोमरची (लहान रेणूंची, जे जुळून पॉलिमरच्या लांब साखळ्या होतात) पाण्यातली इमल्शन बॅच एकदा पेटली की तिची उष्णता काढता काढता थंड पाण्याची दमछाक होते. म्हणून रात्रपाळीला बोर्डवरचे ऑपरेटर म्हणाले, "मॅडम, जॅकेट स्टीम मागतंय," तेव्हा मी हातातलं टाकून स्क्रीनपाशी गेले.

रिॲक्टर ८० अंशांवर, रेघ सरळ, एकही अलार्म नाही. पाळीतले दुसरे इंजिनिअर म्हणाले, स्टीमचा वाल्व्ह गळत असेल, टेम्परेचर तर बरोबर आहे. या वाक्याचा मला आता राग येतो. तापमान धरून ठेवणं हे कंट्रोलरचं काम आहे आणि ते तो चोख करतो. उष्णता जास्त निघाली की पाणी सोडतो, कमी पडली की स्टीम. आतली अभिक्रिया मरत चालली तरी आकडा ८० च राहतो. खरी बातमी जॅकेटमध्ये असते. पाणी किती अंशांनी आत गेलं, किती अंशांनी बाहेर आलं, प्रवाह किती, भिंतींतून किती गेलं, हा हिशेब मांडला की त्या घडीला किती उष्णता निघतेय ते कळतं. स्टायरीनच्या एका मोलला साधारण ७० किलोज्यूल, ब्युटाइल ॲक्रिलेटला ७८ च्या आसपास. टाकलेल्या मोनोमरमधून जेवढी यायला हवी आणि जेवढी आली, त्यांतला फरक म्हणजे आत साठलेला, अजून न लागलेला मोनोमर. हा आलेख मी भांडून स्क्रीनवर लावून घेतला होता. तो बराच वेळ खाली उतरत होता.

पण रामन प्रोब, म्हणजे लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखणारा रिॲक्टरमधला सेन्सर, सांगत होता की सगळं उत्तम आहे. रामनला पाण्याचा त्रास जवळपास होत नाही, म्हणून इमल्शनसाठी तो आवडता. मोनोमरमधल्या दुहेरी बंधाचं शिखर १६३० ते १६४० प्रतिसेंटीमीटरच्या दरम्यान दिसतं, स्टायरीनच्या बेंझीन कड्याचं १००० पाशी. कडं पॉलिमरमध्येही तसंच राहतं, त्यामुळे दोन्हींचं गुणोत्तर पाहिलं की किती मोनोमर शिल्लक आहे ते समजतं. त्या रात्री ते गुणोत्तर तळाला टेकलेलं होतं आणि जराही हलत नव्हतं. फीड चालू असलेल्या रिॲक्टरमध्ये इतकी शांतता नसते. प्रोबच्या नीलमणी काचेवर पॉलिमरचा थर चढला होता, आणि यंत्र रिॲक्टरऐवजी तो थरच मोजत होतं.

मोनोमर फीड बंद केलं. स्टीमचा हातवाल्व्ह बंद केला, तसं तापमान उतरू लागलं आणि गळतीचा वाद तिथेच संपला. ढवळणी मात्र चालूच ठेवली. ती थांबली तर मोनोमर वर तरंगून वेगळा थर होतो आणि मग काय होईल ते कुणाच्याच हातात राहत नाही.

यानंतरचा सल्ला मी विसरू शकत नाही. "इनिशिएटरचा एक शॉट मारू, चालू होईल." इनिशिएटर म्हणजे अभिक्रिया पेटवणारं रसायन; चालू नक्की झालं असतं! आमच्या मालात साठलेल्या दर एक टक्का मोनोमरमागे, थंड करता आलं नाही तर, तापमान सुमारे २ अंशांनी चढतं. हायड्रोक्विनोन (अभिक्रिया थांबवणारा इनहिबिटर) टाकलेल्या बाटलीत नमुना घेतला, मॉइश्चर ॲनालायझरवर सॉलिड (वाळवून उरणारा घन भाग) काढलं, फीडच्या हिशेबाशी ताडलं. सात-आठ टक्के साठा. म्हणजे ८० वरून ९५ च्या आसपास, उकळीच्या तोंडाशी, आणि फेस झाकणापर्यंत. २००६ साली अमेरिकेत मॉर्गनटन इथल्या कारखान्यात ॲक्रिलिक बॅच अशीच हाताबाहेर गेली, वाफा बाहेर येऊन पेटल्या आणि एक कामगार गेला. तिथे कारण वेगळं होतं, जास्तीचा मोनोमर सुरुवातीलाच एकदम टाकला होता. पण साठलेल्या मोनोमरला कारणाशी देणंघेणं नसतं.

इनिशिएटरचा पंप कुणी पाहायचा, हे ऑपरेटरांनी विचारण्याची वाट पाहिली नाही. ते खाली गेले आणि परत येऊन म्हणाले, "इनिशिएटरच्या टाकीची पातळी हललेलीच नाही." स्क्रीनवर प्रवाह व्यवस्थित दिसत होता, कारण तो आकडा मोजलेला नव्हताच, पंपाच्या स्ट्रोकवरून काढलेला होता. आमचा इनिशिएटर म्हणजे परसल्फेटचं द्रावण; ते ठेवल्या ठेवल्या थोडं थोडं विघटतं, ऑक्सिजनचे बुडबुडे सुटतात, पंपाच्या डोक्यात वायू अडकतो आणि पंप इमानदारीने वायूच दाबत राहतो. महागडा रामन घेतला गेला. त्या ओळीवर साधा फ्लोमीटर बसवण्याचा प्रस्ताव मात्र खर्चाचं कारण देऊन परत आला होता. प्रदर्शनात दाखवायला रामन शोभतो.

पंपातली हवा काढली. जॅकेट थंड पाण्यावर तयार ठेवून इनिशिएटर नेहमीच्या निम्म्याहून कमी वेगाने सुरू केला. थोड्या वेळाने उष्णतेची रेघ वर वळली. साठा ओसरेपर्यंत मोनोमर बंदच ठेवला, मग हळूहळू फीड पुन्हा चालू केलं.

बॅच पास झाली. सॉलिड, पीएच, व्हिस्कॉसिटी, उरलेला मोनोमर, सगळं मर्यादेत. मी नमुना जीपीसीला (रेणू किती जड आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीला) दिला, तर जड रेणूंच्या बाजूला एक स्पष्ट उंचवटा. साहजिक आहे, मोनोमर भरपूर आणि साखळ्या सुरू करणारे रॅडिकल मोजके असताना साखळ्या लांबतात, आणि नंतर त्यांना कापून सारखं करता येत नाही. तुलेन विद्यापीठातल्या वेन रीड यांच्या गटाने १९९८ पासून रेणुभार अभिक्रिया चालू असतानाच मोजण्याची पद्धत विकसित केली आहे. आमच्याकडे तो बॅच संपल्यावर कळतो, तोही कुणी विचारलं तर. ग्राहकाच्या यादीत जीपीसी नाही, म्हणून माल गेला. इनहिबिटर टाकून बॅच मारली असती तर तो उंचवटा घडलाच नसता, आणि अख्खा रिॲक्टर भरून कचरा झाला असता. कोणतं बरोबर, हे माझं अजून ठरत नाही. फ्लोमीटरचा प्रस्ताव पुन्हा पाठवला आहे, या वेळी त्या रात्रीचा उष्णतेचा आलेख जोडून.