पंचवटीने गेलो, कसाऱ्यावरून आलो

मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसात कागद जमा करायचा होता. काम पाच मिनिटांचं, पण स्वतः हजर राहायला लागतं म्हणे, म्हणून एका दिवसात नाशिक-मुंबई-नाशिक केलं. इथल्या जुन्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही, पण नाशिकला नव्याने राहायला आलेले बरेच जण विचारत असतात म्हणून जरा सविस्तर टाकतोय.

पहिली गोष्ट, नाशिकचं स्टेशन नाशिकमध्ये नाही. ते नाशिकरोडला, सीबीएसपासून (शहरातल्या मुख्य बसस्टँडपासून) नऊ-दहा किलोमीटर लांब, आणि मी राहतो गंगापूर रोडला आनंदवल्लीकडे, म्हणजे अजून पाचेक वाढवा. मुंबईला जाणारी पंचवटी एक्सप्रेस नाशिकरोडला सकाळी सातच्या आसपास येते, मी पावणेसहाला घर सोडलं. सध्या २०२७च्या सिंहस्थ कुंभमेळ्याची कामं चालू आहेत, काल धड असलेला रस्ता आज खोदलेला सापडतो, रिक्षावाल्याने तीनदा गाडी वळवली आणि प्रत्येक वेळी माझ्याकडे असं बघितलं की जणू खड्डा मीच खणलाय. सिटीलिंकची बस स्वस्तात नेते, मी दुपारी वगैरे तीच पकडतो, पण सकाळची गाडी गाठायची असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. शेअर रिक्षाचंही तेच, शेवटची सीट भरेपर्यंत ती हलायची नाही.

रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, २०२४च्या नोव्हेंबरपासून. सोमवार-शुक्रवारची तिकिटं बघता बघता उडतात. तत्काळ आदल्या दिवशी, एसीचं सकाळी १०ला आणि नॉन-एसीचं ११ला, आणि आयआरसीटीसीचा आयडी आधारला जोडलेला नसेल तर ऑनलाइन तत्काळ मिळत नाही, तेव्हा ते आधीच करून ठेवा, ऐन वेळी ओटीपी येत नाही हा स्वानुभव.

माझं तिकीट कन्फर्म होतं पण धावतपळत चढलो तो चुकून पासवाल्यांच्या डब्यात. पंचवटी १९७५पासून धावतेय, कित्येकांची अख्खी नोकरी हिच्यात गेलीय, त्यामुळे कोण कुठे बसणार हे तिकडे रेल्वे ठरवत नाही. खिडकीतल्या काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, सरकले, म्हणाले "बसा, पण देवळालीपर्यंतच हं, तिथे आमचा माणूस चढतो." देवळाली म्हणजे पुढचंच स्टेशन, नीट टेकलोही नव्हतो. तेवढ्यात थर्मासच्या झाकणातून अर्धा चहा मात्र हातात आला. देवळालीला तो माणूस आला, काही बोललाच नाही, नुसता उभा राहिला, आणि मी उठलो. चहा संपवून झाकण परत केलं, इगतपुरीला उतरून आपल्या डब्यात पळालो. पासवाल्यांचे डबे कुठले ते प्लॅटफॉर्मवरच विचारून घ्या.

इगतपुरीनंतरचा कसारा घाट पावसाळ्यात बघण्यासारखाच, त्यावर मी काय नवीन लिहिणार. एवढंच की चढ १:३७चा आहे, म्हणून मुंबईहून येताना घाटाच्या पायथ्याशी, कसाऱ्याला, गाडीला मागून ढकलणारी जादा (बँकर) इंजिनं लावतात, गाडी तिथे थांबली तर बिघाड झाला म्हणून घाबरू नका.

ऑफिसचं विचारूच नका. साहेब मीटिंगला, मग जेवायला, मग सही झाली तर शिक्का कपाटात आणि कपाटाची चावी रजेवर. पावणेसहाला सुटलो, रस्त्यात एका झेरॉक्सवाल्याकडे थांबायची अवदसा आठवली आणि सीएसएमटीला पोचलो तेव्हा सव्वासहाची पंचवटी माझ्यासमोर प्लॅटफॉर्म सोडून निघाली होती. शेवटचा डबा दिसला फक्त.

आता खरी कामाची माहिती. पंचवटी चुकली, पुढच्या गाड्यांना वेटिंग, तर सरळ कसारा लोकल पकडा. लोकल तिथेच संपते आणि सीएसएमटीपासून अडीच तास धरा. तिकीट मोबाइलवर काढा, खिडकीपाशी जाऊच नका. इंडिकेटर नीट वाचा, घाईत कर्जतमध्ये चढलात तर कल्याणनंतर भलतीकडेच जाल. कल्याणपर्यंत एका पायावर उभे राहायची तयारी ठेवा, टिटवाळ्याला श्वास घेता येतो, आसनगावनंतर डबा आपलाच. खर्डीच्या पुढे बाहेर मिट्ट काळोख, दारातून गार वारा, सकाळपासून बॅगेत फिरणारा पोळी-भाजीचा डबा तिथे उघडला. खरं सांगतो, अख्ख्या दिवसातली सगळ्यात सुखाची वीस मिनिटं ती.

कसाऱ्याला स्टेशनबाहेर "नाशिक नाशिक" ओरडणारे टॅक्सीवाले उभेच असतात. "एकच सीट बाकी" याचा अर्थ निदान तीन बाकी. पैसे आधी ठरवा, मागच्या सीटवर पाय दुमडून बसायला लागतं, म्हणून पुढे पळा. मी पळालो नाही, माझ्या मांडीवर कोणाची तरी कुंडी होती, तुळशीची, घोटीपर्यंत. साठेक किलोमीटर आहे, तासा-सव्वा तासात पोचवतात. इंदिरानगर-सिडकोवाल्यांनी पाथर्डी फाट्याला उतरायचं आधीच सांगून ठेवा, गाडी एकदा उड्डाणपुलावर चढली की ड्रायव्हर ऐकत नाही.

स्वतःची गाडी असेल तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा २०२५च्या जूनमध्ये सुरू झालाय, कसारा घाट लागतच नाही, मोठ्या बोगद्यातून थेट पलीकडे. पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याचं ट्रॅफिक आहे तिथेच आहे, त्यामुळे घाटात वाचवलेला वेळ तिकडे व्याजासकट परत करायची तयारी ठेवा.

मी नाशिकच्या मुंबई नाक्याला उतरलो तेव्हा साडेदहा वाजत आले होते. तिथून आनंदवल्लीला रिक्षावाल्याने जेवढे सांगितले ते कसाऱ्यापासूनच्या सीटच्या निम्म्याहून जास्त. मी म्हटलं, "दादा, मी कसाऱ्याहून आलोय." तो म्हणाला, "मग कसाऱ्याच्याच टॅक्सीला सांगायचं ना घरापर्यंत सोड म्हणून." बसलो गपचूप.